उत्तराची वाट पाहणारे सर

चांगला शिक्षक कोणाला म्हणायचं, याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. ज्याचं शिकवलेलं डोक्यात बसतं तो. पोरांना लळा लावतो तो. वेळेवर येतो, छडी उचलत नाही, दरवर्षी स्कॉलरशिपला मुलं बसवतो आणि त्यातली चार-दोन लावून दाखवतो तो. सेवानिवृत्तीच्या सत्काराला शाल-श्रीफळ देताना हेच बोललं जातं आणि त्यात खोटं काही नसतं. पण माझ्या मनात मोठ्या शिक्षकाची जी खूण पक्की बसली आहे, ती त्या भाषणांत मी कधी ऐकली नाही. प्रश्न विचारून झाल्यावर जो थांबतो, तो माझ्या लेखी मोठा शिक्षक. पोराच्या तोंडून उत्तर बाहेर पडेपर्यंत तो थांबतो आणि ते चुकीचं निघालं तरी लगेच पुढच्या बाकाकडे वळत नाही.

ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. आमचे गणिताचे सर भेटले नसते तर मलाही तशीच वाटली असती.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या खोऱ्यातलं. मी सांगतोय तो काळ ऐंशीच्या दशकातला. चौथीपर्यंत गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवीपासून शेजारच्या मोठ्या गावातलं हायस्कूल, तेही पायी. घरात अहिराणी, शेतात अहिराणी, भांडण अहिराणीत आणि कानबाईचा नवसही अहिराणीतच. शाळेत मात्र पुस्तकातली मराठी. वर्गाचा उंबरा ओलांडला की जीभ बदलायची. ज्याला ती झटकन बदलता यायची नाही, तो गप्प बसायचा. प्रश्न मराठीत ऐकायचा, मनात अहिराणीत समजून घ्यायचा, उत्तर अहिराणीत सुचायचं आणि ते पुन्हा मराठीत घडवून तोंडावर आणायचं, एवढा खटाटोप त्या गप्प पोराच्या डोक्यात चाललेला असायचा. तो पुरा होईपर्यंत पहिल्या बाकावरच्या तलाठ्याच्या मुलाने हात वर केलेला असायचा आणि तास पुढे सरकलेला असायचा.

गणिताचे सर नाशिककडून बदलून आलेले. उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे ठेवायची सवय असल्यामुळे छातीवर कायम पांढरा डाग. त्यांची एक पद्धत होती. प्रश्न विचारला की हातातला खडू खिशात टाकायचे, हात मागे बांधायचे आणि फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. ज्याला प्रश्न विचारला त्याच्याकडे टक लावून बघायचे नाहीत. शिक्षकाची नजर अंगावर असली की येत असलेलं उत्तरही घशात अडकतं, हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. फळ्यावरचं गणित ते स्वतःच पुन्हा वाचत असल्यासारखे उभे राहायचे. सुरुवातीला आम्हाला ती शांतता सहन व्हायची नाही. कोणीतरी खोकायचं, कोणी बाक हलवायचं. सर वळायचे नाहीत. हळूहळू वर्गाला कळलं की इथे घाई नाही. तेव्हापासून मागच्या बाकांवरून आवाज यायला लागले.

दिवाळीनंतरचे दिवस होते. कापूस वेचणीला जोर होता, त्यामुळे वर्ग अर्धा रिकामा. सरांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं: एका शेतकऱ्याने ७ क्विंटल कापूस ५०० रुपये क्विंटल दराने विकला, तर त्याला किती रुपये मिळाले? पुढून लगेच उत्तर आलं, पस्तीसशे. सरांनी मान हलवली. पण बरोबर उत्तर आल्यावरही त्यांचा प्रश्न संपत नसे, तेच त्यांचं वेगळेपण. त्यांनी शेवटच्या बाकावरच्या, आठवड्यातून दोन-तीन दिवसच शाळेत दिसणाऱ्या मुलाला विचारलं, "तुझं किती आलं रे?"

तो उभा राहिला. "तेवीसशे."

वर्ग हसला. सरांनी हसणाऱ्यांकडे फक्त हात केला. खडू खिशात गेला. "कसं काढलंस?"

बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "सर, इतला पैसा भेटत नही. सोसायटीनी कापी लिधं."

सरांना अर्धंच कळलं. "परत सांग," ते म्हणाले, आणि त्या आवाजात दरडावणी नव्हती, त्यांना खरंच ऐकायचं होतं. मग एकाला जोडून दुसरा, असं सगळा वर्ग त्यांना समजावायला लागला. त्या काळी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, १९७२ पासूनची. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, माणसं गाडीखाली अंथरूण टाकून झोपायची, पोरं घरून भाकरी घेऊन जायची. आपला नंबर आला की ग्रेडर कापूस हातात घेऊन प्रत ठरवणार, मग माप, मग चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशांची, वाट पाहणं. आणि चुकारा हातात येण्याआधी विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज त्यातून वळतं होणार. या पोराच्या वडिलांचा चुकारा त्याच आठवड्यात झाला होता. सात क्विंटलच कापूस होता की नाही ते मला आठवत नाही, पण घरात आलेला आकडा त्याच्या डोक्यात होता आणि फळ्यावरचा शेतकरी त्याला आपल्या बापाहून वेगळा वाटला नव्हता.

"म्हणजे बाराशे कर्ज होतं?" सरांनी विचारलं.

"व्याज धरीसन," तो म्हणाला.

सरांनी खडू काढला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. कापसाची किंमत ३५०० रुपये. हातात आले २३०० रुपये. मग म्हणाले, "उत्तरं दोन्ही बरोबर आहेत. मी प्रश्न अर्धाच विचारला होता." दुसऱ्या दिवशी ज्यांच्या घरी चुकाऱ्याची चिठ्ठी असेल त्यांनी ती आणायला सांगितली. पाच-सहा चिठ्ठ्या आल्या, घामाने मऊ झालेल्या, चार घड्या पडलेल्या. पुढचे काही दिवस मुद्दल, मुदत आणि व्याजाचा दर आम्ही त्या चिठ्ठ्यांवरून शिकलो. पुस्तकातलं सरळव्याजाचं प्रकरण सरांनी नंतर दोन तासांत उरकलं, कारण त्यात आम्हाला शिकायचं फारसं राहिलंच नव्हतं. त्या हंगामात आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत बापाला चिठ्ठी वाचून दाखवणारं, कपातीचा हिशेब तपासणारं पोर तयार झालं. माझ्या आजोबांनी, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, पहिल्यांदा मला ओट्यावर शेजारी बसवून घेतलं ते त्या चिठ्ठीसाठी.

मी पुढे शिकलो, कृषी खात्यात लागलो, वाचनाची आवड लागली. तेव्हा कधीतरी मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम वाचनात आलं. १९७० च्या आसपास त्यांनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि एक साधी गोष्ट मोजली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो? सरासरी निघाली एक सेकंदाच्या आसपास. एका सेकंदात उत्तर आलं नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतो, दुसऱ्या मुलाला उठवतो किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मुलाने उत्तर दिल्यानंतरही तेच. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच शिक्षक बोलायला लागतो. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तेव्हा काय झालं ते वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. उत्तरं लांबली. गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. कारण देऊन बोलणं वाढलं. मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली, एकमेकांच्या उत्तरांवर बोलू लागली.

तीन सेकंद. तेवढ्यात माणूस डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसूही शकत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त बोचली. ज्या मुलांना शिक्षक हुशार समजत होते, त्यांच्या उत्तरासाठी ते जास्त थांबत होते. ज्यांना कच्ची समजत होते, त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळेची गरज अधिक, त्याच्या वाट्याला वेळ कमी. हे कोणी ठरवून करत नाही. मायाळू शिक्षकाकडूनही होतं. कच्च्या मुलाची फजिती लवकर संपावी म्हणून तो पुढे सरकतो, त्याला वाटतं आपण उपकार केले, आणि मुलाला मात्र एवढंच कळतं की आपल्याकडून काही अपेक्षा नाही.

सरांना मेरी बड रो हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते निवृत्त झाल्यानंतर अमळनेरला एका लग्नात भेटले. मी त्यांना चुकाऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती आठवत नव्हती. शिक्षक-विद्यार्थ्याच्या नात्यात हे असंच असतं बहुधा. आपण जन्मभर जपून ठेवतो तो दिवस त्यांच्यासाठी एक साधा मंगळवार असतो. त्यांना वेगळंच आठवत होतं, पावसात गळणारं छत आणि ओल्या भिंतीला टेकून बसणारी मुलं. तुम्ही एवढे थांबायचात कसे, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अरे, मला तुमची भाषाच कळायची नाही पहिल्यांदा. कळेपर्यंत थांबावंच लागायचं. पुढे कळायला लागली, पण तोवर लक्षात आलं होतं की थांबलं की काहीतरी येतं."

याच अमळनेरने एक शिक्षक असा पाहिला आहे, ज्याचं नाव घेतल्याशिवाय खानदेशात हा विषय पुरा होत नाही. साने गुरुजी इथे आले ते श्रीमंत प्रताप शेटजींनी १९१६ साली उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. १९२४ साली प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, छात्रालयाचे प्रमुख झाले आणि १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी नोकरी सोडली. म्हणजे शाळेतली उणीपुरी सहा वर्षं. नावामागे कायमचं 'गुरुजी' लागायला तेवढी पुरली.

गुरुजींची आठवण निघाली की त्यांचं हळवेपण, त्यांचे अश्रू, आईवरची माया एवढंच पुढे येतं. मला मात्र त्यांच्या छात्रालयातल्या दोन गोष्टींबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. एक म्हणजे ते मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचं अंथरूण-पांघरूण नीट ठेवायचे. शिकवायची वेळ संपल्यावरही त्यांचं मुलांकडे लक्ष असायचं. कोणाची चादर फाटली आहे, कोणाच्या ट्रंकेत घरचं पत्र आलेलं नाही, हे खोली झाडणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. दुसरी गोष्ट हस्तलिखित दैनिकाची. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. देशातल्या घडामोडी, थोरांचे विचार, मुलांच्या वागण्यावर चार शब्द. मूठभर मुलांसाठी रोज इतकं लिहायचं! छापायला नाही, नावासाठी नाही. एखाद्या गावच्या पोराला उद्या सकाळी ते वाचून काही सुचेल, म्हणून.

आणि हाच माणूस १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात श्रोता होऊन बसला. त्या वर्षी फेब्रुवारी ते जून, दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलत होते. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. समोर पुढारीही होते आणि साधे कार्यकर्तेही, म्हणून बोलणं साधं मराठी, दाखले शेतातले आणि घरातले. साने गुरुजी ते जसंच्या तसं टिपून घेत होते. आज ती प्रवचनं देशातल्या कितीतरी भाषांत वाचली जातात, ती त्यांच्या या टिपून घेण्यामुळे. दुसरा बोलत असताना आपलं काही मध्ये न घालता ऐकायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असल्याशिवाय एवढं लेखन हातून झालं नसतं. छात्रालयात मुलांचं ऐकणारा आणि तुरुंगात विनोबांचं ऐकणारा माणूस मला एकच वाटतो.

न थांबणाऱ्या शिक्षकाचं काय होतं, तेही मी जवळून पाहिलं आहे. माझ्याबरोबर आठवीत एक मित्र होता. यंत्रात डोकं असलेला. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की आजूबाजूच्या शेतातली मोठी माणसं त्याला हाक मारायची. विज्ञानाच्या तासाला एकदा पंपाविषयी प्रश्न आला. त्याने जागेवरून उठून हात वर केला आणि म्हणाला, "माले येस, सर!" म्हणजे मला येतं. सरांनी, हे दुसरे सर, त्याच्याच चालीत "माले येस!" असं म्हणून दाखवलं. सगळा वर्ग हसला. मीही त्या वर्गात होतो. तो खाली बसला. त्याला उत्तर कोणी विचारलं नाही, तास पुढे गेला. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरी शेतीचं काम होतं, हे कारण खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

आज त्याचं बरं चाललं आहे. ट्रॅक्टर आहे, ठिबकवर कपाशी आहे, पंचक्रोशीतल्या मोटारी तो दुरुस्त करतो. पण त्याच्या मुलीच्या शाळेत पालकसभा असली की तो फाटकापर्यंत जातो आणि निंबाखाली गाडी लावून उभा राहतो. बायकोला म्हणतो, "तू जाय, मी आठेच शे." मुलगी दहावीला आहे. तिच्या वर्गाच्या दारातून तो अजून आत गेलेला नाही. ज्यांनी नक्कल केली, त्यांना ती दुसऱ्या तासाला आठवतही नसेल. शिक्षकाचा प्रभाव म्हणतात तो हाही असतो, आणि गौरवाच्या भाषणांत याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी इथे बोलतो आहे.

आमच्या अहिराणीचे हे हाल, तर सातपुड्यातल्या पोरांचं काय होत असेल? धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात पावरी किंवा भिलोरी, आणि पहिलीच्या पुस्तकात मराठी. अहिराणीतून मराठीत यायला एक पायरी चढावी लागते, पावरीतून यायला डोंगर उतरावा लागतो. नर्मदेच्या काठावर सरदार सरोवर धरणाच्या बुडीतातल्या गावांसाठी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी गावातलीच शिकलेली तरुण मुलं शिक्षक म्हणून घेतली आणि लहानग्यांशी त्यांच्याच बोलीत सुरुवात केली. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, असं म्हटलं. धोरण कागदावर आलं ते बरंच झालं. पण वर्गात ते उतरतं ते बाईंच्या स्वभावातूनच.

कामानिमित्त शहाद्याच्या बाजूला गेलो असताना अशा एक बाई भेटल्या. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जायचे, ही आजीकडे. पहिली सहामाही ती एक शब्द बोलली नाही. बाई म्हणाल्या, "मी तिला उठवायचं बंद केलं. पण रोज तिच्याजवळ बसून विचारायचे, हळू. नाही बोलली तर राहू द्यायचे, पण विचारायचं सोडलं नाही." एक दिवस पोषण आहाराच्या खिचडीच्या ताटल्या मोजताना बाईंचा आकडा चुकला. मागून त्या मुलीने पावरीत बरोबर आकडा सांगितला. बाईंनी तो तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, स्वतः शिकल्या आणि मग सगळ्या वर्गाने तो म्हटला. त्या दिवसापासून मोजणीचं काम तिचं. मी गेलो तेव्हा ती खडूने जमिनीवर आकडे काढत होती आणि शेजारच्या मुलाला त्याचा सात उलटा निघाल्याचं ठणकावून सांगत होती.

हे सगळं लिहिताना मला शिक्षकांवर ओझं टाकायचं नाही. उलट, त्यांच्या हातातला वेळ कोण काढून घेतं, यावर आपण सगळ्यांनी बोललं पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असं ठरवलं. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढी कामं सोडून इतर कामांना शिक्षकांना जुंपू नये, असंही म्हटलं. आता एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन बसा. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आजच्या आज मागितलेलं टपाल, उपक्रमाचा फोटो गटावर टाकायची घाई. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यातला एक बैठकीला तालुक्याला गेलेला. अशा वेळी उरलेला शिक्षक प्रश्न विचारून तीन सेकंद थांबेल कसा? त्याचे ते सेकंद आपण केव्हाच दुसऱ्या कामाला देऊन टाकलेले असतात. आणि आपण पालकही कमी नाही. पाहुण्यांसमोर पोराला पाढा म्हणायला लावतो आणि तो क्षणभर अडला की "अरे, पटकन सांग ना!" शहरातल्या शिकवण्यांत तर झटपट उत्तर हीच हुशारी झाली आहे.

मला वाटतं, सरांचं ते थांबणं माझ्या कामात उतरलं. रावेर-यावल भागात केळीवर हरण्या येतो, म्हणजे पानांवर पिवळट पट्टे पडून झाडाची वाढ खुंटवणारा विषाणूजन्य रोग. पाऊस आणि ढगाळ हवा लांबली की त्याचा जोर वाढतो. एका बागेत गेलो तर शेतकरी जिभाऊ म्हणाले, "साहेब, माझ्याकडे रोग दरसाल वरच्या अंगानेच येतो." रोग काही दिशा बघून येत नाही, असं तयार उत्तर माझ्या तोंडाशी होतं. ते गिळलं आणि विचारलं, "कसं काय, जिभाऊ?" ते बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. बोलता बोलता निघालं की वरच्या बांधावर घरच्या भाजीसाठी गिलक्याचे आणि भोपळ्याचे वेल दरवर्षी लावलेले असतात. काकडीवर्गीय वेलांवर हा विषाणू राहतो आणि मावा तो तिथून केळीवर नेतो. जिभाऊंचं निरीक्षण अचूक होतं, फक्त त्याचं कारण जोडायचं राहिलं होतं. मी घाई केली असती तर ते मान डोलावून "बरं साहेब" म्हणाले असते, वेल तिथेच राहिले असते आणि रोगट झाडं उपटायचा माझा सल्ला दरसाल तसाच द्यावा लागला असता.

माझी भाची अलीकडेच शिक्षणसेवक म्हणून लागली आहे, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी. मानधन सोळा हजार, खोलीचं भाडं त्यातूनच, आणि तीन वर्षं हे असंच. तरी पोरगी उत्साहात आहे. रविवारी तिचा फोन येतो. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी शंका घेऊनच म्हणाली, "मामा, मी थांबत बसले तर पोर्शन कोण पुरा करणार?" प्रश्न खरा होता. मी तिला एवढंच म्हटलं की सगळ्या तासांना जमणार नाही, गणिताच्या एका तासापुरतं करून बघ, आणि थांबताना मुलांकडे बघू नकोस.

पुढच्या रविवारी ती म्हणाली की पहिले दोन दिवस तिलाच कसंतरी झालं, हातांचं काय करावं ते कळेना. तिसऱ्या दिवशी वजाबाकीत हातचा घेताना एक मुलगा नेहमी कुठे चुकतो, ते त्याने स्वतःच बोलून दाखवलं. दहाची जुडी सोडवायची सोडून तो वरून एक उसना आणत होता, "दुकानवरथून आनस तसा," म्हणजे दुकानातून आणतो तसा. उसनं म्हटल्यावर त्याला घरचं उधारीचं खातं आठवायचं, आणि उधारी आपल्याच घरातल्या दहातून कशी घ्यायची, हे त्याला पटत नव्हतं. तिने काड्यांच्या जुड्या बांधून आणल्या आणि आता तो मुलगा दुसऱ्यांच्या जुड्या सोडवून देतो.

या सोमवारी केंद्रप्रमुख तपासणीला येणार आहेत. त्यांच्यासमोरही थांबणार का, असं मी विचारलं.

"मामा," ती म्हणाली, "पोरं विचार करत असतील तर साहेबही थांबतील की."